चिमट्याने परत घेतलेल्या शिव्या

सकाळी दहाला गल्लीत पहिली शिवी ऐकू आली, की समोरचा न्हावी भिंतीवरचं घड्याळ लावून घ्यायचा. रेडिओची वेळ चुकेल, चिमट्याची शिवी चुकायची नाही.

चिमटा म्हणजे गल्लीतला फोन दुरुस्त करणारा. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हा बारीक टोकाचा चिमटा लावायचा. जिभेलाही तसंच टोक. नाव पडायला आणखी काय लागतं? दुकान एका जिन्याखाली. आत उभं राहायची सोय नाही, उठलं की डोकं सहाव्या पायरीला आपटतं. तीस वर्षं आपटून आपटून त्या पायरीची कड गुळगुळीत झाली होती, डोकं मात्र होतं तसंच. कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग, पुढ्यात दिवा, उजवीकडे सोल्डरिंगची सळई आणि डावीकडे पत्र्याचं एक मोठं झाकण, त्यात स्क्रूच स्क्रू. फोन उघडला की निघालेले स्क्रू झाकणात टाकायचे, लावताना झाकणातूनच उचलायचे आणि अंगठा पांढरा होईपर्यंत आवळायचे. चिमट्याने लावलेला स्क्रू सैल झाला असं कुणी म्हणून दाखवावं.

गिऱ्हाइकाशी तो गोड बोलायचा. शिव्या असत त्या म्हाताऱ्याला. म्हातारा म्हणजे ज्याने हे फोन काढले तो, कंपनीचा मालक. इथून हजारो कोस लांब काचेच्या इमारतीत बसणारा. जगाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. कॉलेजात त्याची भाषणं दाखवत, शाळेत त्याच्यावर निबंध लिहून घेत. तो कायम मोहरीच्या रंगाचा एकच कोट घालायचा, तर तरण्या पोरांनीही तसलेच कोट शिवून घेतले आणि त्या साली शिंप्याची चंगळ झाली. चिमटा त्याला पहिल्यापासून म्हाताराच म्हणायचा. तो तिशीत होता तेव्हाही.

"अरे करंट्या, फोन चिकटवायला डिंक वापरलास की सिमेंट? आग लागो तुझ्या डिंकाला!" ही सुरुवात. मग मुख्य तक्रार. दहातल्या एखाद्या फोनचा आतला बोर्ड खालच्या अंगाला, स्क्रूच्या भोकापाशी तडकायचा. दुरुस्त करून दिलेला फोन महिन्या-दोन महिन्यांनी परत यायचा, तडा त्याच जागी. "एवढा गब्बर झालास आणि बोर्ड कागदासारखा पातळ करतोस? मेल्यावर बरोबर नेणार आहेस का वाचवलेलं?" बावीस वर्षं हे असं चाललं होतं.

पण शिव्या द्यायलासुद्धा आधी नातं लागतं. वाटेवरच्या माणसाला कोण एवढ्या मनापासून शिव्या देतो?

चिमटा सतरा वर्षांचा होता, मामाच्या रेडिओ-पंख्याच्या दुकानात बसायचा. तिथे एक दिवस म्हाताऱ्याचं पहिलं यंत्र आलं. तेव्हा कंपनी नव्हती, फोन नव्हते. एका पडवीत बसून त्याने स्वतःच्या हाताने केलेलं, मजकूर टाइप करायचं आणि गणितं सोडवायचं, ट्रंकेएवढं धूड. मामा म्हणाला, "याला हात लावायचा नाही." मामा जेवायला गेला आणि याने हात लावला. झाकण काढून उलटं केलं, तर आतल्या बाजूला पत्र्यावरच अख्ख्या यंत्राची आकृती छापलेली. कुठली तार कुठे जाते, काय जळलं तर काय बंद पडतं, सगळं. आणि वर ओळी होत्या: 'हे झाकण उघडलंत, बरं केलंत. आत काय आहे ते बघा, समजून घ्या, आणि जसं होतं तसं लावा.'

सतरा वर्षांत 'उघडलंत, बरं केलंत' असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. घरचं घड्याळ उघडलं तेव्हा बापाने पट्टा काढला होता. शाळेची घंटा उघडली तेव्हा शाळेतून काढलं होतं. इथे एक अनोळखी माणूस लांबून म्हणत होता, या, आत या.

ते धूड पुढे भंगारात गेलं, झाकण याने ठेवून घेतलं. त्या आकृतीवर बोट फिरवत फिरवत धंदा शिकला. मग म्हातारा मोठा झाला, फोन निघाले, आणि एक दिवस फोनाची पाठ डिंकाने बंद झाली. वर बारीक अक्षरांत छापलेलं: उघडू नये. त्या दिवशी चिमट्याने झाकण भिंतीवरून काढलं आणि त्यात स्क्रू ओतले. आधी दार उघडून 'या' म्हणायचं आणि माणूस उंबऱ्यात आला की आतून कडी घालायची, याला काय म्हणावं? त्याने जे म्हणायचं ते रोज दहाला म्हणायला सुरुवात केली. झाकणाची गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, लेकीलाही नाही.

लेक त्या झाकणाशी खेळतच मोठी झाली. गल्ली तिला चिमटी म्हणायची. पाच वर्षांची असताना जमिनीवर सांडलेला स्क्रू ती बापाच्या आधी शोधायची. बारावीत होती तेव्हा बाप जे भिंगातून बघायचा ते ती नुसत्या डोळ्याने बघायची. आणि शिकून सवरून नोकरी धरली ती कुठे? म्हाताऱ्याच्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात. थंडगार हॉल, काचेचे काउंटर, गळ्यात ओळखपत्र. चिमट्याच्या नाकाला मिरची झोंबली, पण तो गिळून बसला. "शत्रूच्या घरात आपलं माणूस असलेलं बरं," असं न्हाव्याला म्हणाला.

मग तो कागद आला.

चिमट्याची एक सवय होती. फोन उघडला की त्याच्या पाठीच्या आतल्या बाजूला सुईने स्वतःची खूण ओरखडायची: एका टोकाला जुळलेल्या दोन रेघा, म्हणजे उघडा चिमटा. फोन परत आला तर आपला हात लागला होता की नाही ते कळावं म्हणून. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक अशी खूण असलेला फोन घेऊन केंद्रात गेलं आणि तावातावाने परत जिन्याखाली आलं. हातात शिक्का मारलेला कागद: 'बाहेर उघडलेले. स्वीकारता येत नाही.' खाली सही लेकीची.

आपल्याच पोरीने आपल्यावर शिक्का मारला! चिमट्याने तो कागद दुकानाच्या भिंतीवर चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारून लावला. त्याच संध्याकाळी लेक दुकानाशी आली. "बाबा, त्या फोनाचं..." एवढंच बोलली असेल.

"तुझा बाप इथे नाही," चिमटा मान वर न करता म्हणाला. "तुझा बाप तिकडे काचेच्या घरात बसतो. मोहरीचा कोट घालतो. त्याच्याकडे जा."

लेक बापाचीच. "बरं," म्हणाली आणि गेली. केंद्राजवळ दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. रोज सकाळी आईला फोन करायची. तिचा फोन आला की चिमटा चप्पल पायात घालून बाहेर निघायचा. दोन वर्षांत या घरात एवढी शिस्त दुसऱ्या कशालाच आली नव्हती. बोलायचं दोघांनाही होतं. पण पहिला शब्द कुणी बोलायचा?

आणि एका मंगळवारी म्हातारा गेला.

चिमट्याला बातमी फोनांनीच दिली. बाकावर अकरा फोन पडले होते. दुरुस्त झालेले सात एकदम किणकिणले आणि सातांवर तोच मोहरीचा कोट उजळला, भोवती काळी चौकट. बिघडलेले चार गप्प राहिले. चिमट्याने भिंग कपाळावर सरकवलं आणि सळईचं बटण बंद केलं.

दहा वाजले. सव्वादहा झाले. समोर न्हावी एका गालाला साबण लावून थांबला होता. शेवटी गिऱ्हाइकाला तसाच सोडून रस्ता ओलांडून आला.

"काय रे, आज घसा बसला का?"

"माणूस गेला."

"कळलं की. मग सुटलास! बावीस वर्षांचा वैरी गेला. चहा पाज."

तेवढ्यात चष्मा सावरत निवृत्त मास्तर आले. त्यांना भाषणाची हौस, आणि मेलेला माणूस मोठा असला की जास्तच. "जगाची फार मोठी हानी झाली," त्यांनी सुरुवात केली.

"जगाचं जग बघेल, मास्तर," चिमटा म्हणाला. "मी उद्यापासून कुणाला बोलू?"

"मला बोल," न्हावी म्हणाला.

"तुला बोलून काय उपयोग? तुझ्यात उघडून बघण्यासारखं आहे काय?"

न्हावी हसला, पण परत जाताना त्याने दोनदा मागे वळून बघितलं. गालावर साबण वाळलेलं गिऱ्हाईक वैतागलं होतं ते वेगळंच.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तिने सळईला हात लावून बघितलं. गार.

"सकाळी पोरीचा फोन होता," ती म्हणाली. "रडत होती."

"रडेलच. बाप गेला तिचा."

बायकोने डबा खाली ठेवला. कमरेवर हात घेतला. "मग भेटायला जा."

"काय?"

"कुणाचा बाप गेला की माणसं भेटायला जातात. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचा बाप गेला तर गेलात, त्याचं तोंड तरी आवडतं का तुम्हाला? दोन वर्षं तुम्हीच घोकताय ना, तो तिचा बाप म्हणून? आता गेला तो. जा."

चिमट्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच वाक्यात अडकायला झालं. त्याने इकडेतिकडे बघितलं, पण त्या दुकानात पळून जायला जागाच नव्हती.

"ती बोलायची नाही."

"न बोलू दे. सांत्वनाला गेलेल्या माणसाने गप्पच बसायचं असतं. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका."

"फुलं नेऊ?"

"फुलांचा तिथे ढीग असेल. त्याचं म्हणून तुमच्याकडे काही असेल तर न्या."

ती हे सहज म्हणाली. चिमट्याची नजर डावीकडे गेली. थोड्या वेळाने त्याने झाकण उचललं, सगळे स्क्रू वर्तमानपत्रावर ओतले, आणि स्पिरिटचा बोळा घेऊन पत्रा पुसायला बसला. बावीस वर्षांचा मळ. आधी ओळी दिसल्या, मग तारा, मग कोपरे. कोपऱ्यातली बारीक अक्षरं त्याने वाचली नाहीत. भिंग कपाळावर होतं आणि डोळे जरा चुरचुरत होते. स्पिरिटने होतं तसं.

केंद्राच्या दारात रखवालदार उभा. छातीला काळी फीत.

"काका, काम?"

"भेटायचंय. तीन नंबरच्या काउंटरला."

"टोकन लागेल. आणि टोकनला तक्रार लागते." त्याने चिमट्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "फोनची हं. बाकीच्या इथे घेत नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर भांडं तरी हवं. चिमट्याने स्वतःचा फोन काढला. जुनं मॉडेल, डिंकाच्या आधीचं, पाठीला चार स्क्रू. "याचा आवाज फाटतो," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. चार महिने फाटत होता. दुसऱ्यांचे फोन करताना स्वतःचा करायला सवड कुठे?

टोकन मिळालं चौसष्ट. पाटीवर चालू होतं एकेचाळीस.

हॉलच्या एका अंगाला म्हाताऱ्याचा मोठा फोटो, खाली फुलं, शेजारी उंच टेबलावर वही. लोक येत, वहीत दोन ओळी लिहीत, फोटोकडे बघून मान लववीत. आतल्या खोलीत तिकडची शोकसभा पडद्यावर दाखवत होते, म्हणून कर्मचारी आळीपाळीने आत जात होते आणि बाहेर एकच काउंटर चालू होता. तीन नंबर. काचेमागे लेक बसली होती. डोळे सुजलेले, नाक लाल, हात मात्र चालू. तिने बापाला पाहिलं. बापाने तिला पाहिलं. दोघांनीही भिंतीवरची पाटी वाचायला घेतली: 'या जागेत कोणतेही उपकरण उघडू नये.'

पंचेचाळीस. शेचाळीस. माणसाला तंबाखूची तलफ येते, चिमट्याला हाताची आली. तासभर हात रिकामे ठेवून तो कधी बसला नव्हता. त्याने पिशवीतून झाकण काढून मांडीवर ठेवलं, खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कुणाला कळायच्या आत फोनाची पाठ वेगळी. चार स्क्रू झाकणात. स्पीकरच्या जाळीवर बोटभर धूळ. चिमट्याने काढली, फुंकली, स्क्रू लावले, आवळले. वाजवून बघितला. घंटेसारखा खणखणीत.

शेजारी एक वयस्क बाई होत्या, टोकन पासष्ट. "माझा चार्जच होत नाही हो," त्या म्हणाल्या. "गेला कामातून."

"बघू." भोकात कापसाचा गठ्ठा होता. त्याने चिमट्याने ओढून काढला. "पर्समध्ये ठेवता ना, कापडाचे तंतू जातात." त्यांच्या पलीकडच्याचं बटण अडकत होतं. त्याच्या पलीकडच्याचा आवाज नुसता बंद करून ठेवलेला होता. ते तर बोटानेच झालं.

"चौसष्ट!"

चिमटा काउंटरवर गेला. लेकीने स्क्रीनवरून नजर उचलली नाही. "तक्रार?"

"आवाज फाटत होता."

"होता?"

आता त्याच्या ध्यानात आलं. तेवीस माणसांची रांग काढून जी तक्रार इथवर आणली, ती त्याने स्वतःच्या हाताने मोडून ठेवली होती.

"आता नाही फाटत," तो म्हणाला.

"मग तक्रार नाही."

"नाही."

"पासष्ट!"

वयस्क बाई पुढे आल्या. "माझं झालं बाई. यांनीच केलं."

"सहासष्ट!"

"माझंही झालं."

"सदुसष्ट!" सदुसष्टने नुसतं चिमट्याकडे बोट दाखवलं.

लेक ताडकन उठली. खुर्ची मागच्या कपाटावर आदळली.

"बाबा!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. दोन वर्षांनंतरची पहिली हाक, आणि ती अशी. चिमट्याला तो आवाज त्याच्या स्पीकरपेक्षा खणखणीत वाटला.

"अगंबाई, तुझे बाबा का?" पासष्ट म्हणाल्या. "हात सोन्याचे आहेत हो."

लेक बाजूच्या दारातून बाहेर आली, बापाला दंडाला धरलं आणि फोटोच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. "पाटी वाचली नाही? आणि आजच? आजचा दिवस तरी सोडायचा होता!"

"मी भेटायला आलो होतो."

"कुणाला?"

"तुला. तुझा... म्हणजे, माणूस गेला तुझा. आईने पाठवलं."

लेक त्याच्याकडे बघतच राहिली. "बावीस वर्षं त्यांना शिव्या देऊन?"

"शिव्या कामाच्या होत्या. माणसाला नव्हत्या." आणि त्याने झाकण पुढे केलं.

"हे तर स्क्रूचं झाकण."

"स्क्रूखाली कधी बघितलंस?"

तिने झाकण हातात घेतलं. वरच्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. बोट आकृतीवरून फिरायला लागलं, बापाचं फिरायचं तसंच, आधी वीज येते ती तार धरून. "हे पहिलं यंत्र आहे," ती हळूच म्हणाली. "आम्हाला प्रशिक्षणात नुसता फोटो दाखवला होता. आणि मी यात स्क्रू मोजायला शिकले?"

"शिकलीस तर खरी."

ती नाक ओढत हसली. मग बोट खालच्या कोपऱ्यात थांबलं. चेहरा बदलला. फोन तडकलेला दिसला की तिचा व्हायचा तसा.

"बाबा, हे वाचलंय तुम्ही?"

"काय ते?"

"'खालच्या उजव्या कोपऱ्यातला स्क्रू इतरांपेक्षा केसभर लांब आहे. त्याची जागा बदलू नका.'"

"ते त्या धुडाचं असेल."

तिने बापाच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिथेच, पाटीच्या खाली, त्याच्या फोनाचे चारही स्क्रू सोडवून झाकणावर ओळीने मांडले. चिमट्याने भिंग डोळ्यावर ओढलं. तीन सारखे. चौथा केसभर लांब. आणि तो निघाला होता डाव्या भोकातून.

"त्यांनी ही सवय शेवटपर्यंत सोडली नाही," लेक म्हणाली. "प्रत्येक फोनात खालचा उजवा स्क्रू लांब. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. तुम्ही चारही एकत्र टाकता, हाताला येईल तो कुठेही लावता आणि वर अंगठा पांढरा होईपर्यंत आवळता. लांब स्क्रू भलत्या भोकात गेला की बोर्डात घुसतो. मग तडकतो."

चिमटा फुलांशेजारच्या स्टुलावर बसला. बावीस वर्षांचे बोर्ड त्याच्या डोळ्यांपुढून गेले. एकेकाला त्याने म्हाताऱ्याच्या नावाने वाहिलेली लाखोली. आणि उत्तर त्याच झाकणात, त्याच स्क्रूंच्या खाली.

"त्या कागदावरचा फोन," त्याने विचारलं. "तोही?"

"तोही. माझं काम पूर्ण कारण लिहायचं होतं: चुकीचा स्क्रू लावून बोर्ड तोडलेला आहे. मी अर्धंच लिहिलं. पूर्ण लिहिलं असतं तर ते गिऱ्हाईक तुमच्याकडे कागद घेऊन आलं नसतं, दगड घेऊन आलं असतं."

"मग मला सांगायचं होतंस!"

"सांगायलाच आले होते त्या संध्याकाळी. 'बाबा, त्या फोनाचं' इतकं म्हटलं, तर तुम्ही मला दुसरा बाप दाखवलात."

त्याने फोटोकडे बघितलं. म्हातारा मोहरीच्या कोटात बसला होता, चेहरा असा की उत्तर मला माहीत होतं. मग चिमटा उठला आणि वहीपाशी गेला. पान भरत आलं होतं. तुम्ही जग बदललंत. तुमच्यामुळे आम्ही जवळ आलो. तुम्ही अमर आहात. चिमट्याने पेन घेतलं, जीभ दातांत धरली आणि सावकाश लिहिलं:

'बावीस वर्षं रोज शिव्या दिल्या. त्यातल्या बोर्डाबद्दलच्या परत घेतो. डिंकाबद्दलच्या कायम.'

खाली सही नाही. एका टोकाला जुळलेल्या दोन रेघा.

लेकीने खांद्यावरून वाकून वाचलं. मग ती हसली की रडली ते रखवालदाराला लांबून नीट कळलं नाही. त्याने विचारलं एवढंच, "काका, झालं का काम?"

"झालं," चिमटा म्हणाला. "तक्रार नाही."

घरी बायको दारातच उभी होती. "बोलली का?"

"बोलते कसली? चारचौघांत दंडाला धरून झापलं. वर धंदा शिकवला."

"मग बरी आहे म्हणायची," बायको म्हणाली आणि आत गेली.

रविवारी लेक जिन्याखाली आली. स्टुलावरून उठताना तिचं डोकं सहाव्या पायरीला आपटलं आणि तिच्या तोंडून जो शब्द निघाला, तो काचेच्या घरात शिकवत नाहीत. तिने भिंतीवरचा शिक्क्याचा कागद काढला आणि त्याच चार भोकांत झाकण लावलं, आकृती बाहेर करून. स्क्रू ठेवायला बिस्किटाच्या डब्याचं झाकण आलं, आणि त्यात लांब स्क्रूसाठी बाटलीचं एक लाल बूच. झाकणाचे चार स्क्रू मात्र चिमट्याला कुणी आवळू दिले नाहीत.

"अर्धा वळसा कमी," लेक म्हणाली.

"सैल राहील."

"राहू दे."

त्या दिवसापासून सकाळी तिचा फोन आला की चिमटा चप्पल शोधत नाही. आईचं बोलणं संपेपर्यंत शेजारी उभा राहतो आणि मग फोन ओढून घेतो. बहुतेक वेळा भांडायलाच.

आणि सोमवारी सकाळी न्हावी वस्तरा परजत होता, तेवढ्यात समोरच्या जिन्याखालून आवाज आला. "अरे करंट्या, गेलास तर गेलास, पण हा डिंक कुणाच्या भरवशावर ठेवून गेलास रे!"

सुंभ जळतो, पीळ जळत नाही. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला, घड्याळाकडे बघितलं. मंगळवारपासून ते कुणी लावलंच नव्हतं. त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि काटा सात मिनिटं पुढे केला.